मिनिट कुठून धरायचं?

लोकांची मनगटं धरून मी संसार केला असं म्हटलं, की ऐकणाऱ्याला वाटतं हा वैद्य असणार, नाहीतर हात पाहणारा ज्योतिषी. मी दोन्ही नाही. अमरावतीला राजापेठेच्या अंगाला आमची व्यायामशाळा होती. तिथे मी पोरांना मल्लखांब अन् लेझीम शिकवायचो आणि उरलेल्या वेळात माणसांचा दम मोजायचो. संपादकांनी मला नोकरीतले अनुभव लिहायला सांगितले. माझी नेमणूक कधी झाली, मी कधी कायम झालो, कधी निवृत्त झालो, यात वाचणाऱ्याला काय गोडी? म्हणून ते सोडून देतो.

दम मोजणं म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. वीस इंच उंचीचा एक लाकडी ठोकळा. माणसानं त्यावर चढायचं, उतरायचं, मिनिटाला तीस वेळा, अशी पाच मिनिटं. ताल धरायला टकटक करणारं एक लंबकाचं यंत्र असतं, गाण्याच्या क्लासात असतं तसं. पाच मिनिटं झाली की त्याला खाली बसवायचं आणि एक मिनिट जाऊ द्यायचं. मग अर्धं मिनिट नाडी मोजायची, अर्धं मिनिट थांबायचं, पुन्हा मोजायची, अशी तीनदा. तिन्ही आकड्यांची बेरीज जितकी कमी, तितका दम चांगला. झालं. बघायला पोरखेळ वाटतो, पण तिसऱ्या मिनिटाला भल्याभल्यांच्या पोटऱ्या बोंबलतात.

हे खूळ आणलं डॉक्टर खापऱ्यांनी. परदेशात शिकून आलेला माणूस, पण बोलायला अगदी आपला. ते म्हणायचे, राऊत, नाडी किती चढली ते पाहू नकोस, ती चढणारच. ती किती लवकर उतरते ते पाहा. ज्याची झपाट्यानं उतरते त्याचं काळीज निरोगी, तो बहुधा नातवंडं खेळवील. ज्याची वर जाऊन वरच बसून राहते त्याला जपायला सांग, मग त्याची छाती दरवाजाएवढी का असेना. बाहेरून दिसणारं शरीर आणि आतलं आयुष्य यांचा काही करार झालेला नसतो, हे मला त्यांनी शिकवलं.

ते खरं असल्याचं मी डोळ्यांनी पाहिलं. अचलपूरकडचा एक पोस्टमन आला होता. अंगावर मांस म्हणाल तर नावाला, दात पिवळे, खिशात बिडीबंडल. पोरं हसायला लागली. गडी पाच मिनिटं असा चढला-उतरला की जणू टपाल वाटून राहिला. बेरीज आमच्या पहिलवानांपेक्षा कमी. रोज दहा-बारा कोस पायी, वीस वर्षं. उलट एक जिनवाले शेटजी, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचे मालक, आले ते दुसऱ्या मिनिटाला खाली बसले आणि दम खात मला विचारलं, "मास्तर, मी किती साल जगन ते कागदावर लिहून द्या." मी म्हटलं, शेटजी, मी दम मोजतो, यमाची कारकुनी करत नाही. त्यांना राग आला. पण दुसऱ्या दिवसापासून माणूस घोडागाडी सोडून चालत दुकानात जायला लागला, हेही तितकंच खरं.

माझ्या बोटांचा मला गर्व होता, लपवत नाही. बाजारात, ढोलताशांत मी नाडी पकडायचो. एक ठोका चुकला तरी कळायचं. या गर्वाचं पाणी एकदा पार उतरलं. ती गोष्ट आजवर मी कुणाला सांगितली नाही. आता सांगतो, कारण ज्यांचं मन दुखावेल अशी माणसं आता राहिली नाहीत. माझं एकट्याचं तेवढं उरलंय.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. शाळांमध्ये कसरत शिकवणारे मास्तर हवे होते आणि त्यांच्यासाठी वर्षभराचा वर्ग आमच्याकडे भरणार होता. वर्ग पास झाला की शाळेत नोकरी ठरलेलीच. अर्ज ढीगभर आले. लेखी आणि तोंडी परीक्षेतून वीस जण उरले. जागा बारा. म्हणून ठरलं, वीसही जणांचा दम मोजायचा आणि ज्यांची बेरीज सगळ्यात कमी ते बारा घ्यायचे. मोजणार मी, अन् यादीवर सही करणार नत्थूजी वस्ताद.

वस्ताद म्हणजे आमच्या व्यायामशाळेचा खांब. वय पन्नाशीच्या पुढे, पण कौंडण्यपूरच्या जत्रेत त्यांनी मारलेल्या कुस्त्या लोक अजून सांगायचे. माझा बाप मी लहान असतानाच गेला. वस्तादांनी मला आखाड्यात ठेवलं, जेवू घातलं, चार अक्षरं शिकायला लावलं. त्यांच्यासमोर मी कधी मान वर करून बोललो नव्हतो.

वीस जणांत एक किसन तायडे होता. अकोल्याच्या एका जिनात रुई दाबायच्या यंत्रावर कामाला. दिवसभर रुईच्या धुळीत खोकत राहायचं आणि संध्याकाळी कंदिलाखाली अभ्यास. छप्पन साली घरच्यांबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेला. लेखीत तो पहिल्या पाचात होता. वर्गाला वयाची अट पंचविसाची, आणि त्याला पंचविसावं पुढच्याच महिन्यात संपत होतं. म्हणजे या वर्षी जागा मिळाली तर मास्तर, नाहीतर जन्मभर जिन. हे त्यानं मला सांगितलं नव्हतं, अर्जावरच दिसत होतं.

आता आमच्या आखाड्याची रीत सांगतो, कारण सगळं घोडं तिथंच अडलं. कोपऱ्यात देवळीत शेंदूर लावलेला मारुती. मेहनत झाली की घामाघूम अंगानं आधी त्याच्यापुढे जायचं, हात जोडायचे, बोटभर शेंदूर कपाळाला लावायचा, मग बसायचं. हे कुणी कुणाला शिकवत नव्हतं, अंगात मुरलेलं होतं. त्या दिवशीही पोरं ठोकळ्यावरून उतरली की कोपऱ्यात जायची, दर्शन घ्यायची, येऊन बाकावर बसायची. बसली की मी स्टॉपवॉच दाबायचो. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, खाली बसव आणि एक मिनिट जाऊ दे. मी तसंच करत होतो, वर्षानुवर्षं.

किसन मारुतीकडे गेला नाही. ठोकळ्यावरून उतरला, आम्हाला दोन्ही हात जोडून जयभीम केला आणि सरळ बाकावर बसला. खोटं कशाला सांगू, मला ते खटकलं. मनात म्हटलं, शिकला तर माज आला. तरी त्याची नाडी इमानदारीनं मोजली. बेरीज दोनशे तेहेतीस. बाराव्या पोराची दोनशे तीस होती. किसन तेरावा.

यादी मी फळ्यावर लावली. ज्यांची नावं आली ते वस्तादांच्या पाया पडून राहिले होते. किसन बराच वेळ फळ्यासमोर उभा होता. मग माझ्याकडे आला. आवाज चढवला नाही, रडला नाही. म्हणाला, "मास्तर, एक इचारू का? तुमी घड्याळ कवा चालू करता? गडी ठोकळ्यावरून उतरला तवा, का बाकावर बसला तवा?"

मी म्हटलं, बसला तेव्हा.

"मंग ज्यायनं मारुतीचं दर्शन घेतलं, त्यायचं बी बसले तवाच?"

माझं टाळकं सरकलं. मी त्याला झापलं. आता तू मला मोजायला शिकवणार का, देवाचं नाव कशाला मध्ये आणतोस, असं बरंच काही बोललो. त्यानं ऐकून घेतलं, हात जोडले आणि गेला. सराफ्याकडच्या धर्मशाळेत उतरला होता, सकाळच्या गाडीनं अकोल्याला जाणार होता.

रात्री जेवायला बसलो आणि मनात हिशेब मांडायला लागलो. हिशेब अगदी सरळ होता, शाळकरी पोरालाही कळावा असा. देवळीपर्यंत जायचं, वाकायचं, शेंदूर लावायचा, परत यायचं, यात अर्धं मिनिट जातं. म्हणजे एकोणीस जणांना मी दीड मिनिट विसावा दिला आणि एकाला एकच मिनिट. दमात अर्ध्या मिनिटाचा विसावा म्हणजे थोडा नव्हे. डॉक्टरांच्या मनात माणूस उतरतो आणि बसतो. आमच्याकडे माणूस उतरतो आणि आधी देवाला भेटतो, हे त्यांना कुठून माहीत असणार? ते माझ्या ध्यानात यायला हवं होतं. मी त्याच मातीतला, म्हणूनच मला ते दिसलं नाही.

तरी मन म्हणत होतं, असेल दोन-तीन ठोक्यांचा फरक. पहाटे उजाडताना आखाड्यात गेलो. यंत्र चालू केलं, स्वतः पाच मिनिटं चढलो-उतरलो, सरळ बसलो, बेरीज दोनशे तेरा. दोन तास थांबलो. पुन्हा चढलो, उतरून दर्शन घेतलं, मग बसून घड्याळ लावलं. बेरीज एकशे अठ्ठ्याण्णव. पंधरा ठोक्यांचा फरक, अन् किसन तीन ठोक्यांनी गेला होता. मी तिथंच मातीत बसून राहिलो.

यादी दुपारच्या टपालानं नागपूरला जाणार होती. मी एका पोराला सायकलवर धर्मशाळेत पिटाळलं, किसनला थांबव म्हणून, आणि वस्तादांकडे गेलो. नऊ वाजले होते. आखाडा भरलेला, बाराही पोरं आलेली. मी बाजूला घेऊन सांगायला लागलो, तर वस्ताद मोठ्यानंच म्हणाले, जे बोलायचं ते सगळ्यांसमोर बोल, इथं काही चोरी नाही. मी सांगितलं.

वस्तादांचा चेहरा लाल झाला. म्हणाले, "म्हणजे माह्या मारुतीच्या दर्शनानं परीक्षा बाटली, असं म्हणून राहिला तू?"

मी म्हटलं, दर्शनानं नाही वस्ताद, माझ्या घड्याळानं. पण ते ऐकायच्या पलीकडे गेले होते. एवढ्यात किसन आला, हातात पिशवी. वस्तादांनी त्याला नखशिखांत पाहिलं. अंगातला सदरा काढला आणि म्हणाले, मी चढतो ठोकळ्यावर. दर्शन न घेता बसतो. माझ्यासारख्या म्हाताऱ्याची बेरीज दोनशे तीसच्या आत आली, तर दर्शनाचा काही संबंध नाही हे ठरलं आणि यादी आहे तशी जाईल. नाही आली तर सगळ्यांची परीक्षा पुन्हा. मग किसनकडे बोट केलं. "एक हात राऊत धरन, एक हात तू धर. मागून कोणी म्हणायले नको का घरच्या माणसानं आकडा लपवला. आकडे शेवटी सांगा, आधी त्यानं, मंग तू."

किसनला नाडी धरता येते का, असं मी विचारलं. तो म्हणाला, जिनात माणूस गरगरून पडला की तोच धरतो.

लंबक सुरू झाला. पहिलं मिनिट वस्ताद एखाद्या जवानासारखे चढले. दुसऱ्यात घाम सुटला. तिसऱ्यात त्यांच्या ओठांचा रंग बदललेला मला दिसला. मी म्हटलं, वस्ताद, बस करा. त्यांनी नुसतं डोळ्यांनी दटावलं. चौथ्यात त्यांचा पाय ठोकळ्याच्या कडेला लागला, पोरं पुढे धावली, त्यांनी हातानं मागे सारली. पाच मिनिटं पुरी केली आणि बाकावर येऊन बसले. डावं मनगट माझ्याकडे, उजवं किसनकडे.

मिनिट गेलं. मी मोजायला लागलो. अर्ध्या मिनिटात ब्याण्णव. तेही सरळ नाही. मध्येच एक ठोका गायब, मग दोन एकदम घाईनं. दुसऱ्यांदा एक्याण्णव. तिसऱ्यांदा पुन्हा ब्याण्णव. पोस्टमनची नाडी एव्हाना घरी जाऊन झोपली असती. ही उतरायचं नावच घेत नव्हती. डॉक्टर म्हणायचे ते हेच. ही नाडी त्या माणसाची होती ज्यानं मला भाकरी दिली.

वस्ताद माझ्याकडे पाहत होते. चेहऱ्यावर हसू होतं, जिंकलेल्याचं. तीस माणसं पाहत होती. मला कळत होतं की खरं बोललो तर वस्तादांचं तीस-पस्तीस वर्षांचं नाव या मातीत उतरतं. खोटं बोललो तर किसन संपतो. तिसरी गोष्ट, की खोटं बोललो तर वस्तादही संपतात, ती त्या क्षणी मला सुचलीच नाही. आज मी मलाच विचारतो, खरंच सुचली नाही, की मी सुचू दिली नाही?

मी म्हटलं, "शहात्तर, सत्तर, सहासष्ट. दोनशे बारा."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. वस्तादांनी किसनकडे पाहिलं, सांग आता म्हणून. मला वाटलं, हा माझाच आकडा सांगेल. गरजू माणूस, वस्तादांना दुखवून कुठे जाईल? किसननं मनगट अजून सोडलं नव्हतं. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"माह्या हातात ब्याण्णव, एक्याण्णव, ब्याण्णव आले," तो म्हणाला. "अन् मधात ठोके गळून राहिले."

गलका झाला. कुणीतरी ओरडलं, जागेसाठी खोटं बोलतो. वस्तादांनी हात वर करून गलका थांबवला. त्यांनी विचारलं, मग तू जिंकलास म्हणायचं? परीक्षा पुन्हा घ्यायची?

किसननं मान हलवली. "नाई वस्ताद. या आकड्यावर मी जागा मागत नाई. हा आकडा दर्शनाचा नोहे, दुखण्याचा हाय. याच्यानं माही गोष्ट साबित होत नाई. यादी जाऊ द्या. पण तुमी आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं चला. जिनात एकाची नाडी अशीच लागली होती मले, अन् मी बोललो नोतो."

त्या एकाचं पुढे काय झालं ते कुणी विचारलं नाही.

वस्ताद माझ्याकडे वळले. "बापू, तुह्या हातात किती आले?"

मला मान वर करवेना. मी म्हटलं, त्याच्याइतकेच.

त्यांनी मला शिवी दिली नाही. मारलंही नाही, आणि मी गालाची तयारी ठेवली होती. त्यांनी सदरा अंगात घालायला घेतला, किसननं बाही धरली. दारापर्यंत गेले, मग वळून म्हणाले, यादी फाडा. उद्या सगळ्यांची पुन्हा परीक्षा, घड्याळ पाय ठोकळ्यावरून सुटला की लागेल. ज्याला मारुतीकडे जायचं त्यानं आधी जाऊन घ्यावं. आणि किसनच्या खांद्यावर हात टाकून टांग्यात बसले. मी आखाड्यात उभा होतो, मला कुणी चल म्हटलं नाही.

डॉक्टर खापऱ्यांनी तपासलं. काळीज सुजलेलं, रक्ताचा दाब भलताच. आणखी महिनाभर त्यांनी बैठका मारल्या असत्या तर आखाड्यातूनच उचलून न्यावं लागलं असतं, असं मला नंतर तोंडावर सांगितलं. बैठका बंद, मीठ बंद, रोज सकाळी हळूहळू चालायचं. डॉक्टरांच्या मनात वस्ताद फार तर दोन वर्षं काढतील असं होतं. वस्तादांनी आठ काढली. शेवटपर्यंत काठी टेकत रोज चालले.

दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेत किसन चौथा आला. यादी एक दिवस उशिरा गेली म्हणून वरून खरमरीत पत्र आलं, ते वस्तादांनी स्वतःच्या नावावर घेतलं. किसन वर्ग पास झाला आणि अचलपूरजवळच्या शाळेत मास्तर लागला. महिन्यातून एकदा तो एसटीनं यायचा, वस्तादांची नाडी मोजून वहीत आकडा लिहायचा, मग दोघं चहा पीत गप्पा करत बसायचे. माझ्याशी दोघंही नीट बोलायचे. त्या दिवसाचा विषय दोघांनीही कधी काढला नाही. काढला असता तर मी मोकळा झालो असतो.

मी पुढे बरीच वर्षं दम मोजला. माझा आकडा कुणी खोटा म्हटला नाही, आणि त्यानंतर एकही खोटा सांगितला नाही. लोक अजून म्हणतात, राऊत मास्तरांची बोटं म्हणजे काय. मी हसतो.

वस्ताद शेवटचे आजारी पडले तेव्हा मी त्यांच्या घरीच होतो. सकाळपासून श्वास वर लागला होता, डॉक्टर येऊन गेले होते, किसनला निरोप धाडला होता. मी खाटेशी बसून सवयीनं त्यांच्या मनगटाकडे हात नेला. त्यांनी हात गोधडीखाली ओढून घेतला. रागानं नाही, हळूच, लेकराजवळची सुरी काढून घ्यावी तसा.

"तू राहू दे, बापू," ते म्हणाले. "तू मले बरं वाटन तेच सांगशीन. किसनले येऊ दे."

अचलपूरची गाडी यायला अजून दीड तास होता. मी त्यांच्या पायाशी बसून राहिलो.